सुरतेस उतरावे कोठे?

खानदेशाला समुद्रकिनारा नाही. परंतु समुद्राकडे जाणारी एक फार जुनी वाट मात्र खानदेशातून जाते. ती वाट तापीने आखून दिली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, चोपडा, शिरपूर असे तालुके ओलांडीत ही नदी पश्चिमेकडे जाते आणि सुरत शहराला वळसा घालून समुद्रास मिळते. मुंबईचे नाव मोठे होण्याच्या कितीतरी आधी खानदेशातील शेतकऱ्याचा कापूस, विणकऱ्याचे कापड आणि सावकाराची हुंडी सुरतेची वाट चालत होती. आजही जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक घरांतून कोणी ना कोणी सुरतेस राहतो. लिंबायत, उधना या भागांत मराठीबरोबर अहिराणीही सहज कानी पडते.

परक्या शहरात पाऊल ठेवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा नव्हे, तर पाठ टेकण्याचा. दिवसभराची भूक एखादा फुटाणेवालाही भागवतो. रात्र मात्र कोणाच्या तरी छपराखाली काढावी लागते. सुरतेस उतरावे कोठे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना पडला, त्यांच्या आधी चारशे वर्षे देशोदेशींच्या प्रवाशांना पडला आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आजही पडतो. त्या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी दिलेली उत्तरे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यातून सुरतेस जाणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडतील अशा काही व्यावहारिक गोष्टीही हाती लागतील.

वाट आणि सराई

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. १५७३ साली अकबराने ते जिंकून घेतले. येथून मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे सुटत. इंग्रज, डच आणि फ्रेंच व्यापाऱ्यांच्या वखारी येथे उभ्या राहिल्या. सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एक अहमदाबादेवरून जाई आणि दुसरी खानदेशातून बऱ्हाणपुरास. जवाहिऱ्यांचा व्यापार करणारा फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियर याने या दुसऱ्या वाटेवरील मुक्कामांची यादी दिली आहे. तीत बारडोली, नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी आपल्या नित्य परिचयाची नावे आहेत. नवापूरच्या सुवासिक तांदळाची त्याने मुद्दाम वाखाणणी केली आहे. सुरतेकडून नवापूरकडे येताना एका मुक्कामास लोक ‘बेगमेची सराई’ म्हणत, असेही तो नमूद करतो. ही बेगम म्हणजे शाहजहानची कन्या जहानआरा. सुरत बंदराचे उत्पन्न तिच्याकडे लावून दिलेले होते. ज्या व्यापाऱ्यांच्या जकातीवर आपला खजिना भरतो, त्यांना वाटेत निवारा द्यावा, हे तिला सुचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सराई म्हणजे आजच्या अर्थाने हॉटेल नव्हे. मध्ये मोकळे चौकोनी अंगण, त्याच्या चारी बाजूंनी कमानीच्या लहान खोल्या, एक मोठा दरवाजा आणि जवळ विहीर, असे तिचे साधारण स्वरूप असे. अंगणात बैल, उंट, घोडे आणि गाड्या, खोल्यांत माणसे. सूर्यास्तानंतर दरवाजा बंद होई आणि पहाटे सर्वांनी आपापले सामान तपासल्यावर तो उघडण्याची रीत अनेक ठिकाणी होती. खोलीत पलंग नसे, गादी नसे. सतरंजी, पांघरूण, तांब्या आणि स्वयंपाकाची भांडी प्रवाशाने स्वतःबरोबर न्यावयाची. भटियारे अन्न शिजवून देत. पण सोवळे-ओवळे पाळणारे उतारू आपली चूल स्वतःच मांडीत.

या सराया सर्वांनाच मानवत असत असे नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून निघून खानदेशमार्गे बऱ्हाणपुरास पोहोचला. या प्रवासास त्याला साधारण पंधरा दिवस लागले. बऱ्हाणपुरात त्याला सराईतील चार खोल्या देण्यात आल्या. त्या पाहून हा मानी गृहस्थ फार खट्टू झाला. भट्टीएवढ्या त्या खोल्यांपेक्षा त्याने आपला तंबू पसंत केला. मात्र रोसारख्याजवळ तंबू होता, नोकरचाकर होते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्या सामान्य वाटसरूला त्याच भट्टीएवढ्या खोलीत भिंतीचा आधार आणि दरवाजाचा भरवसा मिळे. निवाऱ्याची किंमत ज्याला तो सहज मिळतो त्याने ठरवावयाची नसते.

जेथे निवारा उरला नाही

सराई, विहीर आणि दरवाजा ही सारी व्यवस्था सुकाळाच्या दिवसांची होती. १६३० साली गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर सुरतेहून आग्र्याकडे निघाला. वाटेवर प्रेते पडलेली त्याने पाहिली. नंदुरबारास लहानसा तंबू ठोकावयाचा, तरी प्रेतांमुळे मोकळी जागा मिळणे कठीण झाले, असे त्याच्या वृत्तांतात आहे. आपल्याच नंदुरबारची ही कथा वाचताना मन सुन्न होते. गावे ओस पडली होती आणि लोक अन्नाच्या शोधात रस्त्यावर आले होते. जे चालत निघाले ते यात्रेकरू नव्हते, व्यापारीही नव्हते. ते भुकेने घराबाहेर काढलेले शेतकरी, कारागीर आणि त्यांची मुलेबाळे होती. खोलीचे भाडे देणारा आणि न देऊ शकणारा, असे वाटसरूंचे दोन वर्ग त्या वाटेवर तेव्हाही होते. त्यांपैकी पहिल्याचा वृत्तांत ग्रंथांतून उरतो आणि दुसरा बहुधा त्या वृत्तांतातील एका ओळीपुरताच उरतो.

मुगलीसरा

सुरतेत पोहोचल्यावर प्रवाशाची पहिली गाठ जकातघराशी पडे. समुद्रमार्गे येणाऱ्यांच्या केवळ पेट्याच नव्हे, तर अंगावरील कपडेही तपासले जात. टॉमस रो याचा आणि तेथील अधिकाऱ्यांचा पहिला खटका याच कारणावरून उडाला. जडजवाहीर लपवून आणणारे व्यापारी थोडे नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांचा संशयही अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. ओळख पटवून दिल्याविना शहरात मुक्काम नाही, हा बंदराच्या गावाचा रिवाज इतका जुना आहे.

शहराच्या आत १६४४ साली एक भव्य सराई उभी राहिली. शाहजहानच्या कारकिर्दीत सुरतेचा कारभार पाहणाऱ्या हकीकतखान याने ती बांधविली. मक्केच्या यात्रेस निघालेले लोक जहाजाची वाट पाहत तेथे राहत. शिडाची जहाजे वाऱ्याच्या ऋतूवर अवलंबून असल्याने ही वाट पाहणे एखाद्या दिवसाचे नसे. तो भाग आजही ‘मुगलीसरा’ या नावाने ओळखला जातो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याच वास्तूत सुरतेच्या नगरपालिकेचा कारभार चालत आला. सुरत पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाने मुगलीसऱ्याच्या दरवाजासमोर क्षणभर थांबावे. जेथे परक्या माणसाला अंग टेकण्यास जागा मिळे, तेथेच पुढे शहराच्या कारभाराची जागा झाली.

याच शहराने परकीयांचे दुसरे रूपही पाहिले होते. १५३० साली पोर्तुगीजांनी सुरत जाळली. तापीकाठचा किल्ला खुदावंदखानाने सोळाव्या शतकाच्या चाळिशीत बांधला, तो अशा हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून. पोर्तुगीज आरमाराच्या निशाणांवर क्रूस होता, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरता कामा नये. आपल्या धर्माचे चिन्ह घेऊन आलेल्यांनी घरे जाळली, त्या शहरात पुढे त्याच धर्माच्या धर्मगुरूंना माणसांचा विश्वास नव्याने मिळवावा लागला.

कापुचिनांचे घर

तो विश्वास कसा मिळाला, याची साक्ष १६६४ सालच्या एका प्रसंगाने दिली आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील कापुचिन संघाच्या धर्मगुरूंनी सुरतेत आपले घर थाटले होते. फादर आंब्रोज हे त्यांचे प्रमुख. टॅव्हर्नियर, बर्नियर अशा फ्रेंच प्रवाशांच्या वृत्तांतांत त्यांचे नाव आदराने येते. हे धर्मगुरू व्यापार करीत नव्हते, त्यांच्यामागे तोफा नव्हत्या, आणि त्यांच्या घरी संपत्तीही नव्हती.

१६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. इंग्रज व डचांनी आपापल्या वखारी शस्त्रांच्या बळावर राखल्या. श्रीमंत सावकारांचे वाडे लुटले गेले. मात्र फादर आंब्रोज यांच्या घरास महाराजांच्या आज्ञेवरून धक्का लागला नाही, असे बर्नियर लिहितो. हे फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, असा महाराजांच्या बोलण्याचा आशय त्याने दिला आहे. त्याच ठिकाणी तो आणखी एका घराचा उल्लेख करतो. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही राखले गेले, कारण तो मनुष्य हयातीत मोठा दानशूर होता, असे महाराजांना सांगण्यात आले होते.

बर्नियर त्या दिवशी सुरतेत नव्हता. त्याने हे ऐकून लिहिले, हे खरे. तरीही या वृत्तांतातील एक गोष्ट मनात घर करून राहते. संकटाच्या त्या दिवसांत शहरातील काही घरे तोफांनी राखली गेली, तर दोन घरे त्यांच्या लौकिकाने राखली गेली. त्यांपैकी एक ख्रिस्ती धर्मगुरूंचे होते आणि दुसरे हिंदू व्यापाऱ्याचे. दोन्ही घरांचा लौकिक एकच होता: येथील माणसे दुसऱ्याच्या उपयोगी पडतात.

आगगाडी, धर्मशाळा आणि कायदा

पुढे सुरतेचे वैभव मुंबईकडे सरकले. बैलांचे तांडे थांबले, सराया ओस पडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातील रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०० च्या सुमारास सुरत ते जळगाव ही वाट आगगाडीची झाली. रोला ज्या वाटेवर दिवसामागून दिवस मोजावे लागले, तेथे अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली ही स्थानके एका दिवसात मागे पडू लागली. स्थानकांजवळ धर्मशाळा उभ्या राहिल्या. दानशूर शेठजींनी बांधलेल्या या वास्तूंनी असंख्य गरिबांची सोय केली. मात्र त्यांपैकी कित्येक एकेका ज्ञातीसाठी किंवा पंथासाठी असत. दारात शिरताना नाव विचारले जाई आणि नावावरून जागा ठरे. त्यांमागील दातृत्व खरे होते आणि त्या दारावरची आडकाठीही खरी होती.

दरम्यान, सराईच्या मालकाने कसे वागावे हे ठरविणारा एक कायदा १८६७ साली झाला होता. सराईची सरकारदरबारी नोंद असावी. खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी स्वच्छ राखाव्यात. कुंपण व छप्पर दुरुस्त असावे. उतारूंच्या रक्षणासाठी पहारेकरी असावा. आणि मुक्कामाचे दर सर्वांना दिसतील असे लावून ठेवावेत, अशा तरतुदी त्यात होत्या. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या तरतुदी वाचताना वाटते, की उतारूच्या गरजा काळाबरोबर फारशा बदलत नाहीत. नोंद, पाणी, छप्पर, पहारा आणि दर, या पाच शब्दांत त्या मावतात.

आजच्या उतारूसाठी

सुट्टीत, लग्नकार्यासाठी किंवा औषधोपचारासाठी सुरतेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हेच पाच शब्द ध्यानात ठेवावेत.

नोंदीपासून आरंभ करावा. लॉजच्या वहीत नाव नोंदविताना प्रत्येक प्रौढाजवळ ओळखपत्र असू द्यावे. ओळखपत्राची छायाप्रत द्यावी लागली, तरी मूळ कागद स्वतःजवळच ठेवावा. ज्या ठिकाणी नोंद करण्याचा आग्रह धरला जात नाही, ते ठिकाण सोयीचे वाटले तरी टाळावे.

पाण्याची चौकशी खोली पाहतानाच करावी. नळ सोडून पाहावा, पिण्याच्या पाण्याची सोय विचारावी. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा लाखो माणसे शहर सोडून आपापल्या गावी धावली. खानदेशाकडे येणाऱ्या गाड्याही भरून वाहत होत्या. त्यानंतर तेथील महापालिकेने स्वच्छतेची मोठी मोहीम हाती घेतली आणि शहराचे रूप पालटले. अस्वच्छतेची किंमत त्या शहराने मोजली आहे; आपणही उपाहारगृह निवडताना झगमगाटापेक्षा स्वच्छता पाहावी.

छपराबरोबर जिनाही पाहावा. २०१९ च्या मे महिन्यात सुरतेतील एका व्यापारी इमारतीस आग लागून शिकवणीस आलेली बावीस मुले दगावली. तेव्हा वरच्या मजल्यावर खोली घेताना बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे, हे मुलांना घेऊन एकदा चालून पाहावे. पावसाळ्यात नदीकाठची, तळमजल्यावरची खोली घेऊ नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर शहराच्या मोठ्या भागात शिरला होता.

पहाऱ्याच्या बाबतीत स्थानकाजवळील आणि शहरातील जागा यांत तारतम्य ठेवावे. पहाटेची गाडी असेल तर स्थानकाजवळ उतरणे सोयीचे. किल्ला, मुगलीसरा आणि इंग्रज, डच व आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी पाहावयाच्या असतील तर शहरातील मुक्काम बरा. रात्री दरवाजा कोण उघडतो हे विचारून ठेवावे. रविवार येत असेल, तर जवळच्या चर्चमधील मिस्साची वेळ निघण्यापूर्वीच माहीत करून घ्यावी.

शेवटी दर. सांगितलेली रक्कम करासह आहे की नाही, आणि दिवस चोवीस तासांचा धरतात की दुपारी बाराला संपतो, या दोन गोष्टी आधी स्पष्ट करून घ्याव्यात. निम्मे वाद याच दोन गोष्टींवरून होतात. पावती मागण्यात संकोच नसावा आणि खोली आवरून ठेवणाऱ्या कामगाराच्या हातावर चार पैसे ठेवण्यातही नसावा.

ज्यांची नोंद होत नाही

परंतु सुरतेच्या वाटेवर आपल्यापैकी सगळेच हॉटेलात उतरणारे नाहीत. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेले नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव हे तालुके आणि साक्रीचा पश्चिम भाग, येथून दिवाळीच्या आगेमागे हजारो आदिवासी कुटुंबे बारडोली, सुरत, नवसारी या पट्ट्यात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता. बरोबर तान्ही मुले, कोंबड्या आणि भांड्यांचे गाठोडे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या ऊसतोड मजुरांचा अभ्यास करून त्यांची स्थिती जगापुढे मांडली आहे. शेताच्या कडेला पाचटाची खोपी किंवा प्लॅस्टिकचा कागद हाच त्यांचा मुक्काम. त्याला तिकडे ‘पडाव’ म्हणतात. दुसऱ्या राज्यात कंत्राटदारामार्फत कामास नेलेल्या मजुरांना योग्य निवासस्थान पुरविण्याची जबाबदारी १९७९ च्या कायद्याने कंत्राटदारावर टाकली होती. पडावात मात्र त्या कायद्याची सावली फार थोड्यांच्या डोक्यावर पडली.

यांतील कित्येक कुटुंबे आपल्याच धर्मप्रांतातील आहेत. नाताळच्या रात्री आपण चर्चमध्ये गोठ्याचा देखावा मांडतो, उतारशाळेत जागा नसल्यामुळे प्रभू येशू गोठ्यात जन्मला, हे आपल्या लहानग्यांना सांगतो. आणि त्याच रात्री आपल्या बाकांवरील रिकाम्या जागांचे धनी बारडोलीच्या शेतात थंडीने कुडकुडत असतात. १६३० साली नंदुरबारच्या वाटेवर जे चालत होते, त्यांचेच हे वंशज आहेत, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

आपण काय करू शकतो? हॉटेलची खोली घेण्यापूर्वी जे पाच प्रश्न आपण सहज विचारतो, तेच पाच प्रश्न उचल घेण्यापूर्वी मुकादमाला विचारावेत, असे या कुटुंबांना सांगता येईल. आमची नावे कोणत्या वहीत आहेत? पाणी कोठले? छप्पर कसले? रात्री बायकामुलांच्या रक्षणाची काय सोय? मजुरीचा दर कोणता, आणि हिशेब कोणत्या दिवशी? एकटा मजूर हे विचारू शकत नाही. त्याला उचल हवी असते. गावातील शिक्षक, उपदेशक आणि धर्मगुरू त्याच्या शेजारी उभे राहिले, तर मात्र प्रश्न विचारला जातो. निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद धर्मग्रामाच्या वहीत ठेवणे, मागे राहणाऱ्या शाळकरी मुलांसाठी एखाद्या घराने दार उघडणे आणि सुरतेस स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांनी हंगामात एकदा तरी पडावावर जाऊन येणे, यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही.

दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील एक तपशील आपण नेहमी घाईने ओलांडतो. जखमी वाटसरूला उतारशाळेत पोहोचवून शोमरोनी निघून जात नाही. तो दोन नाणी देतो, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडीन, असा शब्द देतो. उतारशाळेच्या मालकाने त्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून जखमी मनुष्य वाचला. बेगमेची सराई, मुगलीसरा, कापुचिनांचे घर आणि दानशूर दलालाचा वाडा, या साऱ्यांच्या मुळाशी असाच कोणाचा तरी पैसा आणि कोणाचा तरी शब्द होता. सुरतेस पैसे मोजून उतरणाऱ्याची सोय आज उत्तम होते. ज्याच्यासाठी पैसे मोजणारा कोणी नाही, त्याच्या वतीने शब्द देण्याचे काम अद्याप आपल्याकडे उरले आहे. येत्या दिवाळीच्या आधी आपापल्या धर्मग्रामात ती वही उघडली जावी, एवढेच मागणे.